व्हायकिंग्ज की द लास्ट किंगडम? टीनएज मुलांसोबत बघायची असेल तर

आमचा मुलगा १४ चा झाला आणि व्हायकिंग्ज बघायची म्हणून मागेच लागला, वर्गातल्या अर्ध्या मुलांनी बघितलीये हे कारण. दोन्ही सिरीज व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातून जहाजांतून येऊन लुटालूट करणाऱ्या लढवय्यांच्या काळातल्या. मी त्या आधी बघितल्या होत्या, त्यामुळे मारामारी किती, रक्त किती याचा अंदाज होता. खरं सांगायचं तर त्या बाबतीत दोघींत फार फरक नाही. तसले सीन पण दोन्हीत आहेत, लास्ट किंगडममध्ये कदाचित थोडे जास्तच, रिमोट हातात ठेवूनच बसावं लागतं.

आधी व्हायकिंग्ज लावली. सुरुवात जबरदस्त आहे, ७९३ चा इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठावरचा हल्ला, तिथून पकडून आणलेला ख्रिस्ती साधू अ‍ॅथेलस्टन आणि सिरीजचा नायक रॅग्नर यांची देवाधर्मावरची बोलणी, मुलगा एवढे प्रश्न विचारायला लागला की मला वाटलं आपण उगाच घाबरत होतो. मग दुसऱ्या सीझनमधला ब्लड ईगलचा एपिसोड आला. शिक्षा झालेल्या माणसाची पाठ उघडतात, आणि तो ओरडला नाही तरच वल्हाल्लात, म्हणजे त्यांच्या वीरांच्या स्वर्गात, जाणार अशी अट. गंमत नाही, थेट फार काही दाखवतही नाहीत, चेहरेच जास्त दिसतात, पण रात्र, मशाली, शांत उभे लोक, सगळं एखाद्या पूजेसारखं, आणि तो माणूस शेवटपर्यंत हूं की चूं करत नाही. मला रक्ताचा त्रास झाला नाही, त्या भारावून टाकण्याचा झाला. नंतर काही दिवसांनी हा सायकलवरून पडला आणि मनगट सुजलेलं दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. का रे, तर म्हणे ओरडायचं नसतं. त्या एका वाक्याला आमच्याकडे व्हायकिंग्ज बंद झाली. आणि असा प्रकार खरंच व्हायचा का यावर इतिहासकारांचंच एकमत नाही, त्याची वर्णनं बरीच नंतरची आहेत, हे पण त्याला तेव्हा बसून सांगितलं.

मग लास्ट किंगडम लावली. ती सौम्य आहे असं अजिबात म्हणत नाही. तिथेही वल्हाल्ला आहे, मरताना हातात तलवार पाहिजे वगैरे. पण निदान मला तरी असं वाटलं की तिथे माणूस मेला की मागे राहिलेल्यांचं काय होतं ते दाखवतात. दुसऱ्या सीझनमध्ये नायक उट्रेड गुलाम म्हणून जहाजावर असतो आणि त्याचा साथीदार हालिगला जहाजाच्या पुढच्या टोकाला बांधून मारतात, त्यानंतरचा उट्रेड बघताना मुलगा गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, बाबा, त्याने तर काहीच केलं नव्हतं ना. मला हेच हवं होतं.

आणि इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. पोटाच्या दुखण्याने बेजार, अंगात ताकद नाही, सारखा पुस्तकं-कागदांत बसलेला, आणि डेन लोकांना, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांना, शेवटी तोच अडवतो, ८७८ ची एडिंग्टनची लढाई. त्या वयाच्या मुलाला असा माणूस पडद्यावर मोठा झालेला दिसणं फार कमी वेळा होतं. सुरुवातीला आमच्याकडे त्याला सगळे बोअर म्हणायचे, तिसऱ्या सीझनमध्ये तो गेला तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं.

इतिहासाचं म्हणाल तर मोकळीक दोघांनीही घेतलीये. उट्रेड काल्पनिक, पण आजूबाजूच्या घटना बऱ्यापैकी जागेवर आहेत. व्हायकिंग्जमध्ये मात्र ७९३ च्या हल्ल्यातला रोलो रॅग्नरचा भाऊ, आणि खऱ्या रोलोचा फ्रँक लोकांच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) राजाशी तह ९११ चा, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं एका आयुष्यात कोंबलीयेत, आणि आल्फ्रेडला तर चक्क त्या साधूचा मुलगा केलंय. अभ्यासाला जोडून दाखवणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मुलगा १६-१७ चा असेल आणि बघून झाल्यावर बोलणारा असेल तर व्हायकिंग्जही चालेल, जहाजं आणि समुद्र त्यातच जास्त सुंदर आहेत. १४-१५ ला मी लास्ट किंगडमच म्हणेन. फक्त पहिला एपिसोड आधी एकट्याने बघा, त्यात कापलेलं मुंडकं आहे आणि शेवटाकडे माणसं आत असताना पेटवलेलं घर आहे, तेव्हा शेजारी बसलेलं बरं.