सेगा गेम गियरचे कपॅसिटर बदलल्यानंतरचा अनुभव

सेगा गेम गियर या हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलचे सर्व इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्राव असलेले छोटे भाग) मी गेल्या उन्हाळ्यात बदलून घेतले. त्यानंतर बेळगावचा अख्खा पावसाळा उलटला असून घरातील मुले ते यंत्र जवळजवळ रोज संध्याकाळी वापरतात, त्यामुळे या कामाबद्दल आता खात्रीने लिहिता येईल. माझे मत आधीच सांगतो. कपॅसिटर बदलणे हे या दुरुस्तीतील निम्मेच काम आहे. जुन्या कपॅसिटरमधून गळलेला द्राव बोर्डावरून पुरता धुऊन काढणे हे उरलेले निम्मे, आणि दुरुस्ती किती टिकणार हे त्यावरच ठरते.

हा कन्सोल १९९० मध्ये जपानमध्ये आणि १९९१ पासून इतर देशांत विकला गेला. ३.२ इंचांचा रंगीत पडदा, त्यामागे उजेडासाठी फ्लुरोसंट नळी आणि सहा पेन्सिल सेल, अशी त्याची रचना. आमच्याकडचा माझ्या मामांनी मस्कतहून आणलेला आहे. कपाटातून बाहेर काढला तेव्हा तो सुरू होत असे, पण आवाज स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येत नसे, चित्र इतके फिके असे की यंत्र तिरपे धरावे लागे, आणि मध्येच तो आपोआप बंद पडे. आत तीन वेगवेगळे बोर्ड असतात, आवाजाचा, वीजपुरवठ्याचा आणि मुख्य; तिन्हींवरचे कपॅसिटर गेल्याची ही लक्षणे होती.

दोष एकट्या या कन्सोलचा नव्हे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक कपॅसिटरमध्ये जो द्राव वापरला जाई, त्यातील क्वाटर्नरी अमोनियम क्षारांमुळे ऋण टोकापाशी रबरी बूच हळूहळू खराब होत असे आणि द्राव खालून झिरपत असे. त्या काळच्या अनेक कॅमकॉर्डरमध्येही हेच घडले. २००० नंतरच्या मदरबोर्डवर जसे डोके फुगलेले कपॅसिटर दिसत, तसे येथे काहीच दिसत नाही. ॲल्युमिनियमचा डबा वरून नवा कोरा वाटतो आणि त्याच्या बुडाखाली वीज वाहून नेणारा तांब्याचा ट्रॅक खाल्ला जात असतो.

खडेबाजाराकडे पंख्याचे आणि पंपाचे कपॅसिटर सहज मिळतात, पण ६.३ व्होल्टचे हे बारीक नग मात्र मुंबईहून मागवावे लागले. काम उद्यमबागेत कारखान्यांच्या यंत्रांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी कारागिराने केले आणि मी शेजारी बसून पाहिले. कवच उघडण्यासाठी स्क्रूड्रायव्हरचा ४.५ मिलिमीटरचा खास बिट लागतो, तो आधी मिळवून ठेवावा. आवाजाच्या बोर्डाला सोल्डरिंग आयर्न टेकताच खोलीभर सुक्या बांगड्यासारखा वास सुटला. द्राव गळल्याची याहून पक्की खूण नाही. कपॅसिटर निघाल्यावर खाली तपकिरी, चिकट थर होता आणि एका पॅडची, म्हणजे कपॅसिटर जिथे जोडला जातो त्या धातूच्या ठिपक्याची, चमक जाऊन ते करडे पडले होते. त्या पॅडवर सोल्डर धरेचना, थेंब गोळा होऊन बाजूला घरंगळत होता. कारागीर म्हणाले, ‘‘सर, नुसतं बदलून भागणार नाही, हे धुतलंच पाहिजे.’’ त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या मऊ ब्रशने तो भाग पुन्हा पुन्हा घासला, पॅड फायबरच्या पेनने उजळले, सोल्डर नीट धरावे म्हणून फ्लक्स लावून नवे सोल्डर चढवले आणि शेवटी बोर्ड आणखी एकदा धुतला. बदलण्यापेक्षा धुण्यालाच जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला असे मी आज म्हणतो.

कोणते कपॅसिटर घालावेत, यावर बरीच मते आहेत. मी १०५ अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सोसणारे, नामांकित जपानी कंपनीचे इलेक्ट्रोलायटिक निवडले. सिरॅमिक कपॅसिटर गळत नाहीत हे खरे, परंतु व्होल्टेज लागू झाले की एक्स५आर किंवा एक्स७आर प्रकारच्या सिरॅमिकची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच घटते, म्हणून मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटरच्या जागी ते डोळे झाकून घालू नयेत. या कन्सोलच्या मुख्य बोर्डाच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि त्यांवरील कपॅसिटरची मूल्ये (क्षमता व व्होल्ट) एकसारखी नाहीत, तेव्हा तयार संचावर विसंबून न राहता आपल्या बोर्डावरचे मूल्य वाचून मगच जुना नग काढावा. ॲल्युमिनियमच्या डब्यावरील काळा पट्टा ऋण टोक दाखवतो, तर टँटलम या दुसऱ्या प्रकारच्या कपॅसिटरवरील पट्टा धन टोक दाखवतो. हा फरक लक्षात न ठेवल्यास टँटलम पेट घेऊ शकतो.

आता इतक्या महिन्यांनंतरची स्थिती. आवाज पहिल्या दिवसाइतकाच खणखणीत आहे आणि ‘कॉलम्स’ या खेळातील रत्नांचे रंग समोरून पाहिले तरी वेगवेगळे ओळखू येतात. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असताना मला धास्ती होती, पण यंत्र एकदाही मध्येच बंद पडले नाही. दिवाळीनंतर उघडून पाहिले तेव्हा दुरुस्त केलेले पॅड स्वच्छ होते आणि वास अजिबात नव्हता. मात्र वेगाने हलणारे चित्र अजूनही मागे अस्पष्ट रेघ सोडते आणि नळीचा उजेड कडांना मंदच आहे, कारण ते त्या पडद्याचे आणि नळीचे मूळ गुण आहेत. सहा सेल पूर्वीसारखेच काही तासांत संपतात; कपॅसिटरमुळे त्यात फरक पडेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडे कोणाच्या माळ्यावर असे यंत्र पडून असेल, तर ते चालू होते म्हणून तसेच ठेवू नये. द्राव यंत्र बंद असतानाही ट्रॅक खातच राहतो, म्हणून दुरुस्ती लांबणार असेल तर निदान जुने कपॅसिटर काढून बोर्ड तेवढा धुऊन घ्यावा. नळीच्या सर्किटमध्ये उच्च दाबाची वीज असते, तेव्हा यंत्र चालू असताना आत बोट घालू नये. टीव्हीला जोडायच्या त्या काळच्या कन्सोलची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांतील बहुतेकांत बोर्डाच्या आरपार पाय जाणारे मोठे कपॅसिटर असतात व ते सहसा इतके गळत नाहीत. तेथे आधी ईएसआर मीटरने (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावे आणि आकडे ठीक असतील तर बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावूच नये.