बाळंतिणीच्या खोलीत बीपीचं यंत्र: वापरून सांगते

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या एका सर्जिकल दुकानातून दंडावर बांधायचं डिजिटल बीपीचं यंत्र घेतलं. दोन हजारांच्या आत मिळालं. सून बाळंत झाली, तिच्यासाठी. सव्वा महिना सकाळ-संध्याकाळ वापरलं. यंत्र चांगलं आहे, जरूर घ्या. मात्र घेताना काय बघायचं ते नीट सांगायला पाहिजे, कारण दुकानात कुणी सांगत नाही.

आधी पट्टा. शिंप्याच्या टेपनं दंडाचा मधला घेर मोजून मगच दुकानात जा. खोक्यातला पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराला चालतो. आमच्या सुनेचा दंड ३४ भरला. अशा दंडाला लहान पट्टा आवळला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागला, पण दुकानदारांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिला. मग दवाखान्यात नेऊन तिथल्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिलं. दोन-तीन अंकांचा फरक, तेवढा चालतो. ही ताडणी प्रत्येकानं करावी, कारण बाळंतपणातल्या बीपीला काही डिजिटल यंत्रं आकडा कमी दाखवतात.

आकडे मोठे आहेत, सासूलाही चष्म्याशिवाय वाचता येतात. पडद्याला उजेड नाही, रात्री दिवा लावावा लागतो आणि बाळ उठतं. जुने आकडे राहतात पण तारीख-वेळ राहत नाही, म्हणून वही ठेवलीच.

एवढं का करायचं? मी गगनबावड्याच्या बाजूला सिस्टर म्हणून नोकरी केली. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की दिवस भरलेल्या बायकांना आधीच कोल्हापुरात नातेवाइकांकडं आणून ठेवायचो. अमेरिकेत असली अडचण नसेल, असं मला वाटायचं. माझी लेक तिकडं मिसूरीतल्या एका खेड्यात राहते. तिच्या शेजारची पोरगी सत्तावीस वर्षांची, शाळेची पिवळी बस चालवायची. पहाटे काचेवरचं बर्फ खरवडून निघायची. माझ्या लेकीला बर्फात गाडी चालवायला तिनंच शिकवलं. मी गेले होते तेव्हा परसातली मक्याची कणसं घेऊन आली. मी भाजून, तिखट-मीठ-लिंबू लावून दिली, तर दारातच उभ्या उभ्या दोन खाल्ली आणि तिसरं नवऱ्याला घेऊन गेली.

तिसऱ्या खेपेला गावातल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता. तिकडं हे सर्रास चाललंय, २०२२ पर्यंत निम्म्याहून जास्त ग्रामीण रुग्णालयांत बाळंतपणाची सोय उरली नव्हती. तासाभराच्या अंतरावर बाळंत झाली, दोन दिवसांत घरी आली. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं चमकायला लागलं. जागरणानं होत असेल, असं तीही म्हणाली, तिची आईही म्हणाली. नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. रात्री झटके आले, मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. बीपी कुणी मोजलंच नव्हतं. लेकीचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा तिचे ते कणसाचे हात आठवले.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, आणि गरोदरपणी ज्यांना काहीच नव्हतं त्यांनाही सहा आठवड्यांपर्यंत ते चढू शकतं. अमेरिकेत २०२१ साली लाख जिवंत जन्मांमागं ३२.९ माता दगावल्या. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३. मोजायची पद्धत वेगळी आहे हे मान्य, पण पैसा असला की आई वाचतेच असं नाही, एवढं यातून कळतं. कोरोना ओसरल्यावर तिकडचा आकडा उतरला, २०२३ साली १८.६ झाला.

आपल्याकडं आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला रक्तस्राव, ताप विचारते. पण त्या पिशवीत बीपीचं यंत्र नसतं. ते असायलाच हवं, आणि हे मी जिल्हा परिषदेतही सांगून आले आहे.

वापरताना: पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा छातीच्या पातळीत, बोलणं बंद. मिनिटभरानं परत मोजा. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० ला थांबायचंच नाही, १०८ ला फोन. डोकं ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, दम लागत असेल, तर आकडा चांगला आला तरी जायचं. दृष्ट काढायची असेल तर दवाखान्यातून आल्यावर काढा.

पाचापैकी चार. एक तारखेसाठी कापला. बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का आठवणीनं घ्या, आणि मोठा पट्टा लागणार असेल तर यंत्र घेतानाच सांगा.