ऑक्टाटोनिक स्केल: काही महिन्यांच्या रियाजानंतर

गणपतीनंतर ऑक्टाटोनिक, म्हणजे आठ सुरांची, स्केल हातात घेतली, आता उन्हाळा लागला. रोज अर्धा-पाऊण तास कीबोर्डवर बसतो. हात बसायला वेळ लागला नाही, पण तिच्यात काही सुचायला फार लागला.

रचना अगदी सोपी. पांढरी एकपासून (म्हणजे सी) एक पट्टी वर, मग दोन, पुन्हा एक, पुन्हा दोन. आठ सूर मिळतात: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. जॅझवाले हिला डिमिनिश्ड म्हणतात. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने ती भरपूर वापरली, फ्रेंच संगीतकार मेसियाँने १९४४ च्या आपल्या ग्रंथात तिला दुसऱ्या मोडचा (सूरसंचाचा) मान दिला. सगळ्यात मोठी सोय म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सुरू करा, सूरसंच तीनच निघतात. मेजरसारख्या बारा पाठ करायला नकोत. उजव्या हाताचा अंगठा सा, शुद्ध ग आणि ध वर ठेवा, बोटं आपोआप बसतात.

नुसती वरखाली पळवली तर मात्र भुताच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत. अंतरांचा एक-दोन हा क्रम सगळीकडे सारखाच, त्यामुळे घर, म्हणजे सा, कुठलं ते कानाला कळत नाही. हार्मोनियमवर वाढलेल्या माणसाला हे फार खटकतं. मी तंबोऱ्याचं ॲप लावून बसलो, तेव्हा कुठे वाट सापडली. ध, तीव्र म, शुद्ध ग, कोमल रे असं उतरलं की सरळ मारवा राग. हाच आकार जसाच्या तसा तीन पट्ट्या वर उचला: तार सा, ध, प, ग. म्हणजे भूप राग! आणखी तीन पट्ट्या वर गेलं तरी सगळे सूर स्केलमधलेच. मारव्यातून भूपात अशी उडी ख्यालात कोणी मारली तर मैफलीतून उठवतील, इथे तीच खरी गंमत आहे. तेव्हापासून स्केल पळवणं बंद. चार सुरांचा एक आकार घ्यायचा, तीन-तीन पट्ट्यांनी हलवायचा, मध्येच लय मोडायची.

डाव्या हातात सी सेव्हन कॉर्ड (सा, शुद्ध ग, प, कोमल नी) धरायचा आणि शेवटी एफ मेजर कॉर्डवर उतरायचं. सी सेव्हनचे चारही सूर स्केलमध्ये आहेत, उरलेले चार ताण वाढवतात. हे उतरणं चुकवू नका. पाच-सहा मात्रा ही स्केल झकास लागते. अख्खं गाणं तिच्यावर ओढलं की मला तरी कंटाळा येतो.

एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पुरतो. व्हिडिओ कोर्सवर पैसे घालवू नका. मी घेतलेल्यात निम्मा वेळ पळवण्यातच गेला. त्यापेक्षा हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या 'मिक्रोकोसमोस' या पियानोच्या तुकड्यांच्या संग्रहातला १०१ वा तुकडा काढा. दोन हातांत चार-चार सूर, एकमेकांपासून सहा पट्ट्या दूर. छोटा आहे, पण डावा हात अजून माझं ऐकत नाही.