सायकलचे दिवे आणि रिफ्लेक्टर : कोणता रंग कुठे, आणि आधी काय घ्यायचं

सायकलला दिवे घ्यायचे ठरलं की बहुतेक जण आधी उजेड किती पडतो ते बघतात. खरं तर आधी रंग बघायला हवा. अंधारात मोटारचालकाला सायकल दिसत नाही, एक ठिपका दिसतो. तो पांढरा असेल तर काहीतरी समोरून येतंय, लाल असेल तर पुढे चाललंय, पिवळा असेल तर आडवं आहे, असं तो क्षणात धरून चालतो आणि त्यावरच ब्रेक मारायचा की नाही हे ठरवतो. मागे पांढरा दिवा लावलेली सायकल त्याला समोरून येणारी वाटते. दिसणं आणि बरोबर समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सगळी तुलना याच फरकाला धरून आहे.

नियम काय सांगतात

रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलसाठी हे कमीत कमी हवंच असं म्हटलंय : मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा, मागे लाल दिवा. बहुतेक देशांचे नियम याच चौकटीत बसतात, फरक तपशिलात आहे.

ब्रिटनमध्ये १९८९ चे वाहन-दिव्यांचे नियम चालतात. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, आणि १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलच्या पेडलना पिवळे रिफ्लेक्टर लागतात. जर्मनीत वाहन-नियमांच्या कलम ६७ प्रमाणे मान्यताप्राप्त दिवाच चालतो. त्याची खूण म्हणजे एक नागमोडी रेषा, 'के' हे अक्षर आणि पुढे आकडा. अमेरिकेतला केंद्रीय नियम वेगळाच आहे : नवी सायकल विकताना रिफ्लेक्टर बसवलेले हवेत, दिवा मात्र त्यात येत नाही. दिव्याचं काय ते प्रत्येक राज्य ठरवतं. त्यामुळे 'नवी सायकल आहे, म्हणजे रात्रीसाठी सगळं आहे' हा समज तिथे हमखास फसतो.

निळा दिवा, विशेषतः लुकलुकणारा, कुठेही लावू नका. बऱ्याच देशांत तो पोलिस, रुग्णवाहिका, अग्निशमन अशा वाहनांसाठी राखीव आहे. 'रात्री निळा-हिरवा जास्त उठून दिसतो' असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्यही आहे. अंधाराला सरावलेला डोळा दिवसाच्या ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळट हिरव्याऐवजी ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या उजेडाला जास्त दाद देतो, त्यामुळे लाल मंद वाटतो. पण हिरवा ठिपका पाहून 'ही सायकलची मागची बाजू' असं कुणाच्याच मनात येत नाही. लाल मंद वाटतो याचा इलाज मागचा दिवा जास्त जोरकस घेणं हा आहे, रंग बदलणं नाही. शिवाय साधारण २ टक्के पुरुषांना लाल रंग मुळातच फिका दिसतो. म्हणून पुढच्या दिव्यावर भरपूर खर्च करून मागे कसातरी मिणमिणता दिवा लावणं ही वाटणी उलटी आहे.

दिवा की रिफ्लेक्टर

दोन्ही. पण का, हे कळलं की कुठला आधी घ्यायचा तेही कळतं.

रिफ्लेक्टरच्या लाल प्लास्टिकमागे बारीक प्रिझमची जाळी असते. प्रत्येक प्रिझम म्हणजे घनाचा एक कोपरा. आत शिरलेला किरण तीन पृष्ठांवर आपटून जिथून आला तिथेच परत जातो. म्हणून हेडलाइटच्या जवळ डोळे असलेल्या चालकाला तो झगमगताना दिसतो, आणि बाजूला उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. सेल नाही, बटण नाही, विसरण्यासारखं काही नाही. पण समोरून उजेड पडल्याशिवाय तो मुका. गल्लीतून बाहेर पडणाऱ्या गाडीचे दिवे तिच्या नाकासमोर असतात, तुमच्यावर नसतात. उभ्या गाडीचं दार उघडणाऱ्याकडे, पायी चालणाऱ्याकडे, बिनदिव्याच्या दुसऱ्या सायकलस्वाराकडे हेडलाइटच नसतो. या सगळ्यांना फक्त दिवा दिसतो.

उलट दिवा न सांगता बंद पडतो, आणि मागचा बंद पडला तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा मागून येणाऱ्या गाडीपासून सांभाळायला रिफ्लेक्टरच उरतो. त्यामुळे 'दिवा आहे, मग रिफ्लेक्टर कशाला' म्हणून तो काढून टाकू नका.

रंगाचा परिणाम रिफ्लेक्टरवर किती होतो हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच आकाराचा, त्याच बनावटीचा पांढरा रिफ्लेक्टर ४ भाग उजेड परत देतो असं धरलं, तर पिवळ्याकडून साधारण अडीच आणि लालकडून १ भागच अपेक्षित असतो. म्हणजे मागे लाल लावायचा तर तो मोठा हवा. मडगार्डवर किंवा कॅरिअरवर बसणारा रुंद रिफ्लेक्टर हा सीटखालच्या नाण्याएवढ्या गोल रिफ्लेक्टरपेक्षा कितीतरी सरस. खाली असल्याचाही फायदा होतो, कारण डिपरवरच्या हेडलाइटचा झोत खालीच पडतो. ब्रिटिश नियमात मागच्या रिफ्लेक्टरची उंची २५० ते ९०० मिलिमीटर ठेवली आहे, ती मर्यादा कुठेही पाळण्यासारखी आहे.

बिघाड बहुधा असा होतो. रिफ्लेक्टरला बारीक तडा जातो आणि पावसाचं पाणी मागच्या जाळीत शिरतं. वरून तो लालच दिसतो, धड दिसतो, पण रात्री मेलेला असतो. कारण प्रिझमच्या पृष्ठावर किरण सुमारे ५५ अंशात पडतो. मागे हवा असेल तर ४२ अंशांपुढचा किरण पूर्ण परतवला जातो. मागे पाणी आलं की ही मर्यादा ६३ अंशांवर जाते, आणि किरण सरळ पाण्यात निघून जातो. तपासायचं असेल तर अंधारात दहा पावलं मागे जा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि रिफ्लेक्टरवर मारा. सगळा भाग सारखा पेटला पाहिजे. मध्ये काळे डाग दिसले तर पाणी शिरलंय. सुकवण्यात वेळ घालवू नका, बदला. आणि तो आकाशाकडे किंवा जमिनीकडे कललेला नाही ना, तेही बघा. २०-३० अंश कलला की जोर झपाट्याने उतरतो.

घरगुती उपाय : रंगीत फिल्म

पांढऱ्या दिव्यावर लाल जिलेटिन चिकटवून मागचा दिवा करण्याची युक्ती वापरली जाते. ती पटण्यासारखी नाही. पांढरी एलईडी म्हणजे निळी चिप आणि वर पिवळा लेप. तिच्या उजेडात लाल भाग थोडाच असतो, बाकीचा फिल्म गिळून टाकते. लाल एलईडी मात्र मुळातच ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपास लाल उजेड देते, तिला गाळणी लागत नाही. पांढऱ्या रिफ्लेक्टरवर फिल्म लावली तर नुकसान दुप्पट, कारण उजेड फिल्ममधून जाताना एकदा आणि परतताना पुन्हा गाळला जातो.

स्थिर की लुकलुकणारा

लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधतो, पण तो किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येतोय याचा अंदाज त्यावरून नीट लागत नाही. दोन चमकांच्या मधल्या अंधारात सायकल पुढे सरकलेली असते आणि डोळ्याला तिचा माग लागत नाही. स्थिर दिव्याचं उलटं : गर्दीच्या रस्त्यावर तो इतर दिव्यांत मिसळतो, पण अंतर बरोबर सांगतो.

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये लुकलुकणारा दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, पण सेकंदाला १ ते ४ वेळा, सारख्या अंतराने. ही मर्यादा नियम नसलेल्या ठिकाणीही पाळा. सेकंदाला दहा-पंधरा वेळा फडफडणारा 'स्ट्रोब' प्रकार समोरच्याचे डोळे दिपवतो, आणि ज्यांना उजेडाच्या फडफडीने फिट येते त्यांना तो धोक्याचा आहे.

नियम आड येत नसेल तर मागे दोन दिवे लावा : एक स्थिर, एक सावकाश मंद-तेज होणारा. एकच घ्यायचा असेल तर रात्रीसाठी स्थिर. दिवसा मात्र लुकलुकणारा उपयोगी पडतो. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेत २००४-०५ साली १,८४५ सायकलस्वारांना दिवसरात्र चालू राहणारे दिवे दिले होते. दिवे न दिलेल्या २,००० जणांशी तुलना केली तेव्हा पहिल्या गटात जखमी होण्याच्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. संध्याकाळची वाट न बघता दिवा लावण्याचं हे चांगलं कारण आहे.

चाकं : इथे रंगाची हौस भागते, पण जपून

स्पोकमधला रिफ्लेक्टर सगळ्यांच्या ओळखीचा. अमेरिकी नियमात पुढच्या चाकात पांढरा किंवा पिवळा, मागच्या चाकात पांढरा किंवा लाल असं सांगितलंय, तोही रिमच्या आतल्या कडेपासून ७६ मिलिमीटरच्या आत. बाजूने पाहणाऱ्याला पिवळा-लाल अशी जोडी दिसली की सायकल कुठल्या दिशेला चाललीय ते लगेच कळतं. पुढच्या चाकात लाल घातलात तर हीच खूण उलटी होते.

त्यापेक्षा टायरच्या कडेची चमकती पट्टी चांगली. हेडलाइट पडला की दोन पूर्ण वर्तुळं उमटतात, आणि ती सायकलच आहे यात शंका राहत नाही. सुटून पडण्यासारखं काही नाही, चाकाचा तोल जात नाही. मात्र चिखलाने ती झाकली जाते, आणि टायरला घासून चालणारा बाटलीसारखा डायनामो असेल तर पट्टी खरवडली जाते. प्रत्येक स्पोकवर बसवायच्या चमकत्या नळ्याही तेवढ्याच दिसतात, पण ३६ स्पोक म्हणजे ३६ नळ्या, आणि ढिली बसलेली नळी घरंगळून रिमपाशी किंवा हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) जाते.

या तिन्हींची मर्यादा एकच. गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर थांबायला तिला सुमारे ४० मीटर लागतात. एवढं अंतर ती जवळपास अडीच सेकंदांत कापते. तेवढ्यात ताशी १५ किलोमीटरने आडवी येणारी सायकल १० मीटर सरकते. म्हणजे चालकाने निर्णय घ्यायच्या क्षणी सायकल त्याच्या झोताच्या कडेला असते, मधोमध नसते. चौकात बाजूच्या रिफ्लेक्टरच्या भरवशावर राहू नका.

स्पोकला गुंडाळायची रंगीत एलईडीची तार स्वतःच उजेड देते, म्हणून ही अडचण थोडी कमी करते. पांढरी किंवा पिवळी घ्या. जर्मनीसारख्या ठिकाणी मान्यता नसलेला कुठलाही दिवा चालत नाही, तिथे हा विषयच संपतो. इतरत्र बसवताना सेलची डबी हबला घट्ट बांधा, तार दर १०-१२ सेंटिमीटरवर अडकवा, आणि निघण्याआधी चाक हाताने उलटसुलट दहा वेळा फिरवा. सुटलेलं टोक डिस्क ब्रेकमध्ये किंवा मागच्या गिअरमध्ये गेलं तर चाक जागच्या जागी अडकतं.

व्हॉल्व्हच्या टोपीतले रंगीत दिवे लहान मुलांना फार आवडतात, म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. त्यात बटण सेल असतात. गिळलेला लिथियम बटण सेल अन्ननलिकेला दोन तासांत भाजतो. झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर तो दिवा मुलाच्या सायकलला लावू नका. सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालणाऱ्या छोट्या रबरी दिव्यांनाही हेच लागू.

पेडल

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त सांगणारी वस्तू. दोन पिवळे ठिपके आळीपाळीने वर-खाली होताना दिसले की मेंदू ते माणसाच्या पायांची हालचाल म्हणून ओळखतो. स्थिर ठिपका कशाचाही असू शकतो, असा हलणारा दुसऱ्या कशाचा नसतो. बूट अडकवायच्या क्लिपच्या पेडलांना रिफ्लेक्टर नसतात, तेव्हा घोट्याला चमकते पट्टे बांधा. गुडघ्याखालची हालचाल मोठी असते, म्हणून पाठीवरच्या पट्टीपेक्षा घोट्यावरची जास्त बोलते. पट्टा चमकताच घ्या, नुसता फ्लुओरोसंट नको. फ्लुओरोसंट रंग सूर्याच्या अतिनील किरणांवर उठतो, रात्री त्याचा उपयोग नाही.

बसवणं आणि रोख

पुढचा दिवा किती ल्युमेनचा (एकूण उजेड किती) यापेक्षा त्याचा झोत कसा आहे ते बघा. वरच्या बाजूला कापलेला झोत रस्त्यावर राहतो, टॉर्चसारखा गोल झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरच्या झोताचा मध्य ४० सेंटिमीटरच्या वर नको. मग तो जमिनीला साधारण १० मीटरवर टेकतो.

मागचा दिवा सीटच्या बॅगेच्या पट्टीला अडकवला की बॅग लोंबते आणि दिवा रस्त्याकडे तोंड करतो. सीटच्या दांड्याला किंवा कॅरिअरला पक्का बसवा. लांब जॅकेट, रेनकोट, मागची पिशवी त्यावर येते का, हे सीटवर बसून दुसऱ्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. स्वतःला ते कधीच दिसत नाही. रबरी पट्टा ताणून त्यावर बारीक भेगा दिसतात का बघा. दिसल्या तर पट्टा बदला, तो खड्ड्यातच तुटतो.

रोज ठरलेल्या वाटेने जाणाऱ्याला चाकाच्या हबमध्येच वीज तयार करणारा हब डायनामो परवडतो : ६ व्होल्ट, ३ वॅट, चार्जिंगची कटकट नाही. त्याबरोबर थांबल्यावरही काही मिनिटं चालू राहणारा मागचा दिवा घ्या, नाहीतर सिग्नलला अंधारात उभं राहावं लागेल. अधूनमधून चालवणाऱ्याला चार्जिंगचे दिवे बरे, फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण पावसात नीट दाबलेलं हवं.

हातात थोडेच पैसे असतील तर क्रम असा ठेवा : मागे जोरकस लाल दिवा, त्याच्याखाली रुंद लाल रिफ्लेक्टर, पेडलचे पिवळे, पुढे पांढरा दिवा, मग टायरची पट्टी. वाट पूर्ण अंधारी असेल तर पुढचा दिवा दुसऱ्या क्रमांकावर आणा, खड्डा आधी दिसायला हवा.