थायलंड, दुबई की स्पेन? लॅपटॉपवरचा धंदा घेऊन जायचं तर कुठला व्हिसा

माझी मावसबहीण गिरगावात राहते, अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांना ऑनलाइन स्टोअर बनवून देते आणि आता तिला वर्षातले काही महिने बाहेर राहून हेच काम करायचंय. काही महिने आम्ही दोघी त्याच्यामागे लागलोय म्हणून जे कळलं ते लिहितेय, कारण "टुरिस्ट व्हिसावर जा, लॅपटॉप कोण बघतंय" असं सांगणारे एजंट भेटले आणि मला त्याचा खरंच राग आला. पकडलं तर पासपोर्ट तिचा खराब होणार, एजंटचा नाही.

सगळ्यात आधी तुमचे क्लायंट कुठे आहेत ते बघा. रिमोट व्हिसे, म्हणजे तिथे राहून लॅपटॉपवर आपलंच काम करायची परवानगी देणारे व्हिसे, बाहेरच्या देशातून येणाऱ्या कमाईसाठी असतात, तिथल्या लोकल माणसाला बिल लावायचं असेल तर त्यासाठी वेगळं वर्क परमिट किंवा लायसन्स लागतं. अपवाद स्पेनचा, तिथे कमाईच्या २० टक्क्यांपर्यंत स्पॅनिश क्लायंट चालतात.

थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जुलै २०२४ पासून सुरू झालाय आणि मला तरी सगळ्यात मोकळा वाटला. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा, दर एंट्रीला १८० दिवस, फी १०,००० बाटच्या आसपास. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा. खात्यात ५ लाख बाट दाखवायचे, म्हणजे आपले तेरा ते पंधरा लाख, आणि इथेच आमचं अडलं. मावशीने एफडी मोडून सगळे पैसे एका दिवसात तिच्या खात्यात टाकले. स्टेटमेंट काढून टेबलावर पसरलं तर दोन पानं चाळीस-पन्नास हजारांचा बॅलन्स आणि शेवटच्या पानावर एकदम ती एक मोठी एंट्री. असं स्टेटमेंट बघून कोणीही पहिला प्रश्न हाच विचारेल की हे आले कुठून. मग अर्ज थांबवला आणि पैसे तीन महिने तसेच राहू दिले. तुम्ही हे आधीच करा.

दुबईचा रिमोट व्हिसा एक वर्षाचा, रिन्यू होतो, महिन्याला किमान ३,५०० डॉलर कमाई दाखवावी लागते आणि स्वतःचा धंदा असेल तर मालकीचे कागद. विमान तीन तासांचं, वेळेचा फरक दीड तास, त्यामुळे ज्यांचे आईवडील इथे एकटे असतात त्यांना हा पर्याय पटतो. पण "तिथे टॅक्स नाही" एवढ्यावर जाऊ नका. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलं की इथले टॅक्स रहिवासी धरतात, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण परदेशातली कमाई सोडून बाकीची कमाई १५ लाखांच्या वर असेल आणि गेल्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे काढले असतील, तर भेटीला येणाऱ्यासाठी तो १२० होतो. शिवाय अशी १५ लाखांवर कमाई असलेला भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्सला पात्र नसेल तर आपला कायदा त्याला इथलाच रहिवासी धरतो आणि भारतातून चालवलेल्या धंद्याची बाहेरची कमाईसुद्धा टॅक्समध्ये येते. भारतीय क्लायंट जास्त असतील तर तिकीट काढायच्या आधी सीएकडे बसा.

स्पेन मला मनापासून आवडलं असतं, पण कागद खूप. महिन्याला तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट कमाई, म्हणजे २,७०० युरोच्या वर, क्लायंटशी किमान तीन महिन्यांचं जुनं नातं, डिग्री किंवा तीन वर्षांचा अनुभव, पासपोर्ट ऑफिसचं पोलिस क्लिअरन्स. कायमचं युरोपात जायचं असेल तर हीच मेहनत घ्यावी, चार-सहा महिन्यांसाठी नाही.

एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीबद्दल बरेच विचारतात. त्याने तिथे कंपनी काढता येते, राहता येत नाही.

बहिणीने थायलंड धरलंय. तिथे एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की टॅक्स रेसिडेंट होता आणि २०२४ पासून बाहेरून तिथे आणलेल्या कमाईवरही टॅक्स लागू शकतो, म्हणून ती जानेवारीत जाऊन मे संपायच्या आत परत येणार, टॅक्स इथेच भरणार. मावशीची एकच अट होती, गणपतीला घरी पाहिजेस, ती आपोआप पाळली जातेय.