हार्ड डिस्क की एसएसडी? आधी पोर्ट बघा

लॅपटॉपला बाहेरून लावायला "एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घेऊ, की तेवढ्याच पैशात जास्त जागेची हार्ड डिस्क?" असं कोणी विचारलं की मी आधी लॅपटॉप कडेने फिरवून बघतो. पोर्ट जुनं यूएसबी २.० असेल तर प्रश्न तिथेच मिटला. त्यातून सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर काही जात नाही, म्हणजे १०० जीबी फोटो उतरवायला पाऊण तास. मग एसएसडी लावा नाहीतर हार्ड डिस्क, वेळ तेवढाच.

पोर्ट ३.० चं असेल (आत बहुतेकदा निळी पट्टी असते, पण काही कंपन्या रंग पाळत नाहीत, शेजारी 'एसएस' लिहिलंय का बघा) तर फरक दिसायला लागतो. २.५ इंची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १२० एमबी देते, १०० जीबीला पंधराएक मिनिटं. एसएसडीला चार-पाच. १० जीबीपीएसचं टाइप-सी असेल तर चांगली एसएसडी दोन मिनिटांत मोकळी होते. मात्र केबल डिस्कबरोबर आलेलीच वापरा. मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल दिसायला तशीच, पण आतून बहुतेक वेळा यूएसबी २.० च असते. "एसएसडी स्लो आहे" म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी मी नुसती केबल बदलून मिटवल्यात.

रोज बॅगेतून नेणार असाल, थेट डिस्कवरूनच व्हिडिओ एडिट करणार असाल, तर एसएसडीच घ्या. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. चालू असताना टेबलावरून पडली की टक्-टक् आवाज, आणि आतला डेटा परत मिळवण्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट. घरी बॅकअप घेऊन कपाटात ठेवायची असेल तर हार्ड डिस्क बरी. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर आतला चार्ज झिरपतो, डेटा जाऊ शकतो. ३.५ इंची हार्ड डिस्कच्या वाटेला प्रवासात जाऊ नका, तिला विजेचा वेगळा अडॅप्टर लागतो.

डिस्कचा फॉरमॅट (फाइली साठवायची पद्धत) एक्सफॅट ठेवा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, आणि फॅट३२ या जुन्या फॉरमॅटसारखं ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलवर अडत नाही.

आता माउस. डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो, पॉइंटर उड्या मारतो, आणि लोक माउस बदलून आणतात. दोष माउसचा नसतो. यूएसबी ३.० वर डेटा धावतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि माउसचा इवलासा डोंगल (लॅपटॉपच्या पोर्टात लावायचा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलत असतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर वीतभर एक्स्टेन्शन केबलवर लांब न्या. ब्लूटूथ माउस घेऊन सुटका होईलच असं नाही, तोही २.४ वरच चालतो. तासन् तास एडिटिंग करणार असाल तर वायरचा माउस घ्या. फक्त त्याला यूएसबी २.० चं पोर्ट द्या, निळं डिस्कसाठी मोकळं राहू द्या.