पालिकेच्या भंगार लिलावाच्या नावाखाली 4,85,000 रुपयांची फसवणूक

महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील जुने बिडाचे पाइप, जळालेल्या मोटारी आणि निकामी व्हॉल्व्ह मिळवून देतो असे सांगून एका मध्यस्थाने माझ्याकडून 4,85,000 रुपये उकळले. त्यांपैकी 1,20,000 बयाणा म्हणून, तर 3,65,000 माल उचलण्यापूर्वीची उर्वरित रक्कम म्हणून घेतले. भंगाराच्या धंद्यात मी नवखा नाही, त्यामुळे हे जाहीरपणे लिहिताना लाज वाटते. पण असल्या टोळ्या धंद्यातल्याच माणसाला हेरतात.

दाखवलेला माल खराच होता. पाइपांवर विभागाचे क्रमांक रंगवलेले होते आणि फाटकावरच्या माणसाने मध्यस्थाला नावाने हाक मारून आम्हाला आत सोडले. इतके डोळ्यांनी पाहिल्यावर कोणत्याही व्यापाऱ्याचा विश्वास बसला असता. मात्र नंतर हाती दिलेला ‘विक्री आदेश’ आज पाहिला की संताप अनावर होतो. त्यावर रक्कम, शिक्का, सही सगळे होते. नव्हता तो 18 टक्के जीएसटीचा आणि भंगारावर विक्रेत्याने खरेदीदाराकडून वसूल करायच्या टीसीएसचा (विक्रीच्या वेळीच घेतल्या जाणाऱ्या आयकराचा) उल्लेख. मी विचारलेही. “कर वजनकाट्यानंतर लागतो, साहेब,” असे उत्तर मिळाले आणि माल वजनावरच जाणार असल्याने ते मला पटले. सगळा बनाव उघडा पडण्याची जागा तीच होती. शिवाय निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी माल नोंदवहीतून कमी करण्याच्या, मंजुरीचा क्रमांक आणि तारीखही त्या कागदावर कुठेच नव्हती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 नुसार जंगम मालमत्ता विकण्याच्या आयुक्तांच्या अधिकाराला किमतीची मर्यादा आहे. त्यापलीकडे वरची मंजुरी लागते. तो क्रमांक मागा, आणि मध्यस्थाने दिलेला क्रमांक स्वतः नगरसचिव कार्यालयात पडताळून घ्या.

पालिकेत गेलो, तर भांडार विभागाने “असा लिलाव निघालाच नाही” एवढेच सांगितले. मग बाहेरच्या माणसाला आवारात कोणी सोडले, तो साठा नोंदवहीत कोणत्या शेऱ्यासह आहे, पालिकेच्या शिक्क्यासारखा शिक्का बाहेर फिरतो आहे याची तक्रार पालिका स्वतः का करत नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. पोलीस ठाण्यात “हा दिवाणी व्यवहार आहे” असे ऐकवण्यात आले. बनावट शासकीय कागद दाखवून पैसे घेणे दिवाणी कसे? भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे. गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, हे मला ठाण्यात कोणी सांगितले नाही. ते वकिलाकडून कळले. बँकेने पैसे आधीच काढले गेल्याचे कळवून हात झटकले. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

बयाणा खासगी खात्यात कधीही भरू नका. ई-लिलावाची सूचना पालिकेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. मध्यस्थाने पाठवलेली लिंक उघडू नका. त्या साठ्याच्या निर्लेखनाची कागदपत्रे मी आता माहिती अधिकारात मागितली आहेत आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करणार आहे.